जांभळ्याचा नमुना

९ फेब्रुवारी, सोम.

सकाळची हजेरी घेतली. मार्थाचा गुडघा कालच्यापेक्षा बरा, पण जिना नको म्हणते. लीनाचा इंदूरहून फोन, सर्दी झालीय; पोरगी नर्स असून स्वतः एक गोळी घेणार नाही. वरच्या जोशीवहिनींचं बीपी ठीक, भाऊंनी मिठाची बरणी पुन्हा लपवली. भैरवगढला गफ्फारभाईंना, आमच्या ठप्पेवाल्या रंगाऱ्यांना, फोन केला, खोकला तसाच, बिडीही तशीच. मशीनचं पायडल कुरकुरत होतं, दोन थेंब तेल. मी स्वतः: दात सोडून सगळं जागेवर.

गफ्फारभाई म्हणाले, मास्टरजी, आपका कपड़ा शनिवार को. म्हणजे राखेच्या बुधवारच्या, आमचे उपवास सुरू होतात त्या दिवसाच्या, चार दिवस आधी. काठ शिवायला पुरे.

चर्चच्या वेदीचं जांभळं कापड मीच शिवलेलं, अठ्ठावीस वर्षं झाली. उपवासाचे चाळीस दिवस दर वर्षी तेच. यंदा कपाटातून काढलं तर उंदरांनी एक कोपरा खाल्लेला. त्याच कोपऱ्यातून वीतभर तुकडा कापून गफ्फारभाईंना नमुना दिला. सांगितलं, हुबेहूब हाच रंग, आणि काठाला तुमचा द्राक्षाच्या वेलाचा ठप्पा. हे बहुतेक माझ्या हातचं शेवटचं वेदीवस्त्र. मार्था म्हणते, हे तुम्ही दर वेळी म्हणता. या वेळी खरं आहे. सुईत दोरा आता तीच ओवून देते.

प्र. (फादरना विचारणे): उंदराने खाल्लेलं वेदीचं कापड जाळायचं की पुरायचं?

१२ फेब्रु., गुरु.

शिवरात्र तीन दिवसांवर. देवास गेटपासून पुढे ई-रिक्षा बंद, जिकडे तिकडे लोखंडी कठडे. पायीच निघालो. सोलापूरकडचं एक कुटुंब वाट विचारत होतं. माझं मराठी ऐकून म्हाताऱ्या बाईंचा जीव भांड्यात पडला. निम्म्या वाटेपर्यंत सोबत गेलो. त्यांनी विचारलं, तुम्ही रोज जात असाल दर्शनाला? म्हटलं, आजी, मी ख्रिस्ती. म्हणाल्या, "मग काय झालं. शेजारी तर आहात ना."

दिवसभर तेच डोक्यात. बापू रेल्वेच्या नोकरीवर नगरकडून इथे आले, तेव्हा मी कडेवर होतो. तेव्हापासून महाकालाची घंटा ऐकतोय. शेजारी हा शब्द कधी सुचला नव्हता.

परतताना पोहे. वर शेव, शेवेवर जीरावन मसाला, मग पुन्हा शेव. यंदा चाळीस दिवस शेव सोडायची असं ठरवलं. माळव्यात शेव सोडणं म्हणजे अर्धं ताट सोडणं. मार्था म्हणाली, मी टोमणे सोडते. बघू.

१४ फेब्रु., शनि.

भैरवगढला जाऊन आलो. दोन वाहनं बदलून, उरलेलं चालत. गफ्फारभाईंचे हात कोपरापर्यंत रंगात. पुडकं वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधून तयार. म्हणाले, "खोलके देख लो, मास्टरजी." मी म्हटलं, चाळीस वर्षांत कधी खोलून बघितलंय का? पुन्हा म्हणाले, देख तो लो. मी हात हलवला. चहा घेतला, खोकल्यासाठी ज्येष्ठमध देऊन आलो.

चार-पाच दिवसांत त्यांचे रोजे, त्याच सुमाराला आमचे उपवास. म्हणाले, आपका अच्छा है, पानी तो पी सकते हो. मी म्हटलं, तुमचं बरं, सूर्य बुडाला की सुटका. आमची चाळीस दिवस नाही. दोघे हसलो.

पुडक्याचा वरचा कागद वाचण्यासारखा दिसतो, कुठल्यातरी विहिरीची बातमी आहे. आमची शाळा सातवीत सुटली, पुढचं शिक्षण पुडक्यांच्या कागदांवर. अजून तोच अभ्यासक्रम चालू आहे.

१५ फेब्रु., रवि.

शिवरात्र. चर्चमध्ये मिस्सेला निम्मे लोक, बाकीचे गर्दीत अडकले. जोशीवहिनींनी साबुदाण्याची खिचडी आणून दिली. मार्थाने दोनदा घेतली. दुसऱ्यांच्या उपवासाचं खायला तिला फार आवडतं.

१७ फेब्रु., मंगळ.

आज पुडकं उघडलं. कागद घडी करून कपाटात ठेवला, कापड टेबलावर पसरलं. खिडकीतून ऊन येत होतं. मार्था दोरा ओवत होती. वर बघून म्हणाली, हे तर गुलाबी आहे.

मी म्हटलं, ऊन आहे म्हणून. उन्हातून ओढलं. गुलाबी. ट्यूबलाइटखाली नेलं. गुलाबी. कांद्याच्या आतल्या सालीसारखं. काठाचा वेल मात्र असा की पान तोडून घ्यावं.

उद्या राखेचा बुधवार. फोन लावला. काय बोललो ते लिहायला हवं, कारण लिहिल्याशिवाय मला माझं कळत नाही. जांभळा सांगितला, गुलाबी दिला, देवाच्या घरचं काम तरी नीट करायचं, असं म्हणालो. ते इतकंच म्हणाले, "नमूना आपका ही था, मास्टरजी." त्यावर माझं डोकं फिरलं. म्हणालो, "आँखें जवाब दे गई हों तो ठप्पा रख दो।"

पलीकडे मागे कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज. तेव्हा लक्षात आलं. त्यांचे हात रंगात असतात, फोन नेहमी पाटावर ठेवून स्पीकरवर. दोन्ही मुलं, चार कारागीर, सगळ्यांनी ऐकलं.

त्यांनी फोन ठेवला.

१८ फेब्रु., राखेचा बुध.

कपाळावर राख. जुनंच कापड वेदीवर, खाल्लेला कोपरा आत दुमडून. फादर बिजूंना नवं दाखवलं. ते केरळचे, वयाने लीनापेक्षा लहान, हिंदी आमच्यापेक्षा शुद्ध. म्हणाले, चालीसा में गुलाबी नहीं चलेगा, अंकल. या चाळीस दिवसांत फक्त चौथ्या रविवारी चालतं. आणि नाताळाआधी एका रविवारी. वर्षात दोनच दिवस.

मी विचारलं, चौथ्या रविवारी का? म्हणाले, अर्धी वाट संपली म्हणून चर्च थोडा श्वास घेतं, थोडं हसतं. इतकी वर्षं वेदीची कापडं शिवतोय, हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडे गुलाबी कधी नव्हतंच, त्यामुळे कुणी सांगितलं नाही. उपवासाच्या मध्यावर देवाने मुद्दाम ठेवलेला रविवार. घाटातल्या चहाच्या टपरीसारखा.

मार्थाचा टोमण्यांचा उपवास दुपारी दोनपर्यंत टिकला. मी म्हटलं, गफ्फारभाईंची नजर गेली. ती म्हणाली, कुणाची तरी गेलीय हे खरं.

२० फेब्रु., शुक्र.

कालपासून त्यांचे रोजे सुरू. दर वर्षी पहिल्या रोज्याला मी मुबारक म्हणायला फोन करतो. केला नाही. चूक त्यांची, फोन त्यांनी करावा. ते आमच्या राखेच्या बुधवारला विचारतात, माथे पे लगवा ली? तेही विचारलं नाही.

संध्याकाळी क्रूसाची वाट. चौदा ठिकाणी गुडघे टेकायचे. सातव्यानंतर मी बाकालाच टेकलो.

२२ फेब्रु., रवि.

फादरना विचारून घेतलं, रविवार उपवासाच्या चाळीस दिवसांत मोजत नाहीत. म्हणजे शेव चालते. असा धर्म कुणाला नको. पोह्यांवर दुप्पट घेतली, सोमवारची सुद्धा.

टपरीवर रस्ता रुंद करण्याची चर्चा. सिंहस्थ येतोय, रस्ते हवेतच, सगळ्यांचं एकमत. मग पत्र्याच्या दुकानाचा यादव म्हणाला, कल हमारे ओटले पे लाल निशान लगा गए. मग कुणाचंच एकमत राहिलं नाही. माझं मत: रस्ता हवा. ओटाही हवा. दोन्हींवर माणसंच बसतात-चालतात. असं बोललो तर म्हणाले, मास्टरजी, तुम्ही निवडणुकीला उभे राहा. म्हटलं, मला बसायची सवय आहे, मशीनवर.

गंमत चालली होती, पण तोंडाला चव नव्हती. अशा गोष्टी मी संध्याकाळी गफ्फारभाईंना फोनवर सांगतो.

२६ फेब्रु., गुरु.

आज जे झालं ते सावकाश लिहितो.

जुनं कापड रफू करायला घरी आणलं. कोपऱ्याला ठिगळ लावायचं तर काठाची शिवण उसवायला हवी. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची माझीच शिवण, टाके बारीक, हाताला अभिमान वाटला. उसवून दुमड उघडली.

आत जांभळं. खरं जांभळं. पिकल्या जांभळाने जीभ होते तसं. बोटभर रुंदीची पट्टी, आणि तिच्या शेजारी बाकीचं सगळं कापड गुलाबी.

नवं कापड आणून शेजारी पसरलं. जुन्याच्या बाहेरच्या अंगाशी तंतोतंत. कुठे जुनं संपतं आणि कुठे नवं सुरू होतं ते मलाच कळेना. गफ्फारभाईंनी हुबेहूब तोच रंग दिला होता.

चर्चच्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन वेदीवर पडतं. दर वर्षी चाळीस दिवस, असं अठ्ठावीस वर्षं. इतक्या सावकाश उतरलं की कुणाला दिसलं नाही. आम्ही सगळे गुलाबी कापडासमोर गुडघे टेकून त्याला जांभळं म्हणत होतो. फादर बिजूंनी केरळहून नवा जांभळा झगा आणला, तेव्हा आम्ही म्हणालो, झगा जरा भडक आहे.

मार्थाला बोलावलं. तिने दोन्ही बघितलं. टोमण्याचा उपवास तिने आज पाळला, आणि आज तो मला पचला नाही.

प्र.: रोज बघतो त्या गोष्टीचा रंग माणसाला दिसतो का? की एकदा बघितलेला आठवतो फक्त?

४ मार्च, बुध.

धुळवड. खिडक्या लावून बसलो. खालच्या पोरांनी तरी कपाळाला गुलाल लावलाच. आरशात बघितलं, राखेच्याच जागी.

उद्या भैरवगढ. उसवलेल्या दुमडीची पट्टी कापून घेतलीय, अर्धी जांभळी, अर्धी गुलाबी; ती खिशात घेऊन जाणार.

५ मार्च, गुरु.

गेलो. गफ्फारभाई नमाजला गेले होते. थोरल्याने खुर्ची दिली, नजर दिली नाही. कारागीर ठप्पे मारत होते, एकही थांबला नाही. ते आले. सलाम केला. म्हणाले, बैठिए.

"बैठिए." चाळीस वर्षं "बैठो यार" होतं.

इतर वर्षी रमजानमध्ये स्वतः कोरड्या तोंडाने बसून माझ्यासाठी चहा मागवायचे. मी नको म्हटलं तरी. आज मागवला नाही. मला चहा नको होता. पण मागवला नाही.

पट्टी खिशात होती. हात दोनदा खिशापर्यंत गेला. सगळे तिथेच, ज्यांनी ऐकलं तेच सगळे. खोकला विचारला. म्हणाले, ठीक है. एक गिऱ्हाईक आलं, चादरी दाखवायला उठले. मी निघालो. त्यांनी थांबवलं नाही.

८ मार्च, रवि.

रंगपंचमी, म्हणून मिस्सा सकाळी लवकर ठेवली. तरी गेटशी धरलं आणि हिरवा केला.

मिस्सेआधी कन्फेशन केलं. सगळं सांगितलं. फादरनी प्रायश्चित्त दिलं, दहा नमो मरिये प्रार्थना. बाहेर येऊन बाकावर बसून पाच मिनिटांत म्हणून झाल्या. हलकं वाटायला हवं होतं.

घरी मार्था म्हणाली, फादरना सांगणं सोपं आहे, त्यांना तुम्ही काही बोलला नव्हतात. मी म्हटलं, गेलो होतो ना भैरवगढला, सगळे कारागीर बसलेले, कसं बोलणार? ती पोळी लाटत होती. लाटणं थांबवलं.

"अपमान चारचौघांत आणि माफी एकांतात? हा कुठला हिशोब?"

उपवास मोडला तिने. बरं केलं.

११ मार्च, बुध.

दुपारी पाणी गेलं, वीज गेली, काम नाही. कपाटातला तो पुडक्याचा कागद आठवला, विहिरीच्या बातमीचा. काढून उघडला. घडीतून काहीतरी मांडीवर पडलं.

तळहाताएवढा कापडाचा तुकडा. गडद जांभळा. दुमडीच्या आत होता तोच जांभळा. त्यावर एकच वेल ठप्प्याने. टाचणीने चिठ्ठी लावलेली, गफ्फारभाईंचं अक्षर, मुंग्यांची रांग चालल्यासारखं: "एक डुबकी और दूँ तो ये। बताना।"

त्यांना कळलं होतं. नमुना बघताच कळलं असणार की हा उतरलेला रंग आहे. मला सगळ्यांसमोर सांगितलं नाही, मास्टरजी, तुम्हाला रंग दिसत नाही. तुकडा आत ठेवला आणि दोनदा म्हणाले, खोलके देख लो. मी हात हलवला, मोठा विश्वासू. तेव्हा उघडलं असतं तर मंगळवारपर्यंत अजून एक बुडी देऊन झाली असती.

फोनवर तरी सांगायचं त्यांनी, की चिठ्ठी आत आहे. पण सगळे ऐकत होते. त्यांनी तेव्हाही माझी लाज राखली.

बातमी वाचली नाही. विहिरीला पाणी लागलं की नाही, कळलं नाही.

१५ मार्च, रवि.

चौथा रविवार. गुलाबी कापड वेदीवर. काठ मीच शिवला, दोरे मार्थाचे. फुलंही आज चालतात, सिस्टरांनी ठेवली.

बायका म्हणाल्या, किती गोड रंग. दोघीतिघींनी विचारलं, हे नवं का? मी म्हटलं, रंग जुनाच आहे. फादरनी प्रवचनात सांगितलं, या चर्चमध्ये पहिल्यांदाच आज खरा गुलाबी रविवार. मी मान खाली घातली. कित्येक वर्षं चाळीसही दिवस गुलाबीच होता, हे त्यांना सांगितलंय, पण ते हसून म्हणाले, अंकल, यह प्रवचन में नहीं डालूँगा.

गफ्फारभाईंना फोनवर निरोप पाठवला होता: तुमचं काम आज वेदीवर असेल, नऊला या, मागच्या बाकावर जागा धरतो. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचलं. उत्तर नाही. मागच्या बाकावर माझा रुमाल ठेवला होता. शेवटपर्यंत रुमालच होता.

शेव खाल्ली नाही. रविवार असून.

१९ मार्च, गुरु.

पाडवा. जोशींची गुढी गच्चीवर, काठीला धरायला मला बोलावतात, उंचीमुळे. श्रीखंड. आज आमच्याकडे संत योसेफचाही सण, सुताराचा, कामकऱ्यांचा. हाताने काम करणारा, आणि आमच्या पवित्र पुस्तकात त्याचं बोललेलं एक वाक्य नाही. फादरना विचारलं, खरंच एकही नाही? म्हणाले, एक भी नहीं. मला त्या माणसाबद्दल फार कुतूहल आहे. कधी कुणाला टाकून बोलला नसेल, की लिहून ठेवलं नाही कुणी?

जोशीवहिनी म्हणाल्या, काका, ईदेला जाऊन गळ्यात पडा, मिटून जाईल. मार्थाही तेच म्हणते.

२१ मार्च, शनि.

ईद. दर वर्षी दहाच्या आत फोन: मास्टरजी, शीर-खुरमा ठंडा हो रहा है. अकरा वाजले. बारा. मार्थाने डब्बा घासून ओट्यावर ठेवला होता, दर वर्षी त्यांच्याकडून भरून येतो तो.

गेलो नाही. सदरा घातला, चप्पल घातली, आणि बसलो. ईदेला दारात आलेल्याला गळ्याशी घ्यावंच लागतं. त्यांना दुसरा रस्ता उरणार नाही. तसं त्यांना धरून माफी घ्यायची नाही.

मार्था म्हणाली, मग काय करणार? म्हटलं, लिहितो.

२२ मार्च, रवि.

पत्र लिहिलं. हिंदीत, चार कागद फाडून पाचवा. इथे मराठीत ठेवतो, म्हणजे मी काय लिहिलं ते मला नंतर बदलता येणार नाही.

"गफ्फारभाई, सलाम. ईद मुबारक, एक दिवस उशिरा. तुमचा खोकला कसा आहे? भाभींची शुगर? थोरल्याच्या खांद्याचं दुखणं? धाकट्याच्या मुलीचा ताप उतरला का? कारागिरांपैकी कुणाचा तरी हात भाजला होता, नाव विसरलो, त्याचा हात? इकडे मार्थाचा गुडघा बरा, मशीन बरं, मी बरा नाही.

हे पत्र तुम्ही एकट्याने वाचू नका. थोरल्याला द्या आणि कारखान्यात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांगा. फोन जिथे ठेवता त्या पाटाशी उभं राहून. सोबत माझ्या जुन्या कापडाची पट्टी आहे. एका बाजूला जांभळी, एका बाजूला गुलाबी. सगळ्यांच्या हातातून फिरू द्या. नमुना माझा होता. नजर माझी गेली होती. तुमची चिठ्ठी मला पंचवीस दिवस उशिरा सापडली, कारण उघडून बघा म्हणालात तेव्हा मी बघितलं नाही. तुमच्या हाताबद्दल मी जे बोललो ते खोटं होतं, आणि बोलताना मला कळत होतं की ते लागेल.

गुलाबी कापड राहू द्या, त्याला वर्षात दोन रविवार मिळाले आहेत. जांभळं नवं करून द्याल का? पुढच्या राखेच्या बुधवारला अकरा महिने आहेत, पण आपल्या दोघांच्या वयाकडे बघता तेवढं थांबवू नका. हो किंवा नाही, जे असेल ते लवकर लिहून कळवा. या वेळी नमुना पाठवणार नाही. रंग तुम्ही ठरवा. उघडून बघायला मी स्वतः येईन."

भैरवगढच्या टेंपोवाल्याकडे दिलं, तो रोज त्यांच्या दारावरून जातो. म्हणाला, जवाब लाना है? म्हटलं, दिला तर आण.

डब्बा ओट्यावर तसाच आहे. मार्थाने उचलला नाही, मीही नाही.